नांदूर मध्यमेश्वरचं बेट नको, काठ खुला करा

थंडी पडली की नाशिक-निफाडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं: नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्यातली बेटं म्हणजे नुसता गाळ. तिथे लाकडी पूल टाका, बोटी सोडा, सेल्फी पॉइंट करा. पक्षी माणसांना सरावतात, मुलांना जवळून बघितल्याशिवाय कळत नाही, गावाला रोजगार मिळेल, आणि कर्नाटकातल्या रंगनथिट्टू पक्षी अभयारण्याला बोटी चालतात तर इथे का नाही? मुलांनी पक्षी बघावेत, गावात पैसा यावा, हे आम्हालाही हवंच आहे. चुकलीय ती जागा.

"नुसता गाळ आहे." गाळच आहे. गोदावरी-कादवा संगमावर शंभर वर्षांपूर्वी बंधारा झाला, पाणी संथ झालं आणि गाळ बसत गेला. त्यातूनच हे उथळ पाणी आणि ही बेटं तयार झाली. १९८६ साली अभयारण्य झालं, आणि पुढे रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) येणारं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण ठरलं, ते याच गाळामुळे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की अशा उघड्या गाळावर टिटवी, शेकाट्या जमिनीवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे गुराच्या खुराएवढा खळगा. अंडी मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, चार पावलांवरूनही दिसत नाहीत. भर उन्हात पक्षी पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवतो. माणूस जवळ आला की तो उठतो आणि ओरडत घिरट्या घालत राहतो. तोवर अंडी उन्हात उघडी. त्यांच्यावर कुणाचा पाय पडायचीही गरज नाही, माणूस तिथे नुसता रेंगाळला तरी आतला जीव उष्णतेने मरतो.

"लाकडी पूल टाका." बेटाला राखतं ते भोवतीचं पाणी. पुलावरून माणसं फक्त दिवसा जातील, गावातली कुत्री मात्र रात्रीही जातील. जमिनीवरची एका हंगामाची घरटी संपवायला दोन कुत्री पुरतात. शिवाय पुरात पाणवेलींचे लोंढे येतात, ते खांबांना अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि तिथेच नवा गाळ बसतो. दरवर्षी दुरुस्ती ठरलेली.

"पक्षी सरावतात." बगळे सरावतात, नांगरामागे चालतात. पण मध्य आशिया-सायबेरियातून येणारी थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचं तसं नाही. बरीचशी बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. म्हणजे आपली सहलीची वेळ ती त्यांची झोपेची. दर उड्डाणात चरबी जळते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या प्रवासाला तीच शिदोरी असते. थवा उडण्याआधी सांगतो, फक्त बघता यायला हवं: आधी माना वर होतात, मग चरणं थांबतं, मग सगळे एकत्र होऊन हळूहळू दूर सरकतात. माना वर झाल्या की जागेवर थांबायचं. थवा उडाला तर आपण आधीच फार जवळ गेलो होतो.

"रंगनथिट्टूला चालतं." तुलना चांगली आहे, तिथली बेटंही कावेरीवरच्या जुन्या बंधाऱ्यामुळेच तयार झाली. पण तिथे बोट ठरलेल्या वाटेने जाते आणि बेटावर कुणालाही उतरवत नाहीत. घरटी बहुतेक झाडांवर, उंच. आपल्याकडे पाणी उथळ, आणि कालव्यांची आवर्तनं सुटली की पातळी बदलते. आज कमरेएवढं पाणी असलेल्या जागी आठवड्याने चिखल असतो. बोट रुतली की माणसं ढकलायला उतरणार आणि गुडघाभर गाळात फसणार. मोटारबोटीचा पंखा पाणवनस्पती तोडतो आणि तळ ढवळतो. पाणी गढूळ झालं की खाली ऊन पोचत नाही, आणि वारकरी या पाणपक्ष्यांचं खाणंच संपतं. मासेमारांची जाळी फाटतात ती वेगळीच.

"जवळून बघितल्याशिवाय मुलं शिकत नाहीत." जवळ आणायला काच असते. चाळीस मुलांचा वर्ग पाच गटांत वाटा: आठ मुलं, एक मोठं माणूस, एक तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी दुर्बीण. आधी वीसपटीवर पक्षी शोधून द्या, मगच मोठं करा, नाहीतर मुलाला नुसतं पाणी दिसतं आणि ते लाजून "दिसलं" म्हणतं. सकाळी ऊन पाठीशी राहील असा काठ निवडा, समोर ऊन असेल तर सगळी बदकं काळीच दिसतात. मोठ्या थव्यात दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत धरा आणि तसे किती तुकडे होतात ते बघा. तेच ठिकाण, तीच वेळ, दर जानेवारीत. तीन-चार वर्षांत मुलांच्या हातात खरी नोंद येते. पाणी किती गढूळ आहे ते मोजायला पारदर्शक नळी घ्या, तळाला काळी-पांढरी खूण करा आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत नदीचं पाणी ओतत जा. किती सेंटिमीटरला खूण हरवली ते लिहून ठेवा. काठावर बसून गाळाचा अख्खा धडा होतो.

काठावर बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करा. फटी दोन उंचींवर: मुलांसाठी साधारण तीन फूट, मोठ्यांसाठी पावणेपाच. येण्याची वाट मागून, झुडपांआडून, म्हणजे आकाशावर माणसांच्या आकृत्या उमटत नाहीत. सेल्फीची चौकटही इथेच लावा, मागे बेट छान दिसतं.

रोजगार? चापडगावच्या बाजूला गाइडचं काम आहेच, ते वाढवता येतं: स्कोप भाड्याने, काठापासून लांब पार्किंग, पिठलं-भाकरीचं जेवण. बोटीला लागणारं भांडवल बहुधा बाहेरचा कुणी घालेल. स्कोपचं बचत गटालाही झेपतं.

"सिंहस्थाआधी बेट खुलं करा" ही त्या मेसेजातली नवी भर आहे. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, भर पावसाळ्यात. तेव्हा थंडीतले पाहुणे आलेले नसतात, पाणकोंबड्या आणि कमळपक्षी पाणवनस्पतींत पिल्लं वाढवत असतात, आणि वरच्या धरणांतून विसर्ग वाढला की बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात. त्या पाण्यात पर्यटकांची बोट घालू नये. आलेल्या भाविकाला काठावरच्या निरीक्षण मनोऱ्यावरून नदी दाखवा आणि थंडीत परत यायला सांगा.