क्रोमची हाताला सवय होत नाही

झिंक प्लेटिंगवाल्यांच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्यांच्या) ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ट्रायव्हॅलंट क्रोम (तीन संयुजेचं क्रोमियम) ही केमिकल विकणाऱ्यांची चाल आहे, जुनं पिवळं हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचं) सोडू नका. त्याखाली पाच मुद्दे. एरवी मी असले मेसेज वाचतही नाही. पण हा माझ्या भाच्याने पाठवला. तो नुकताच लाइनवर लागलाय, पॅसिव्हेशनच्या, म्हणजे जस्तावर गंजरोधक क्रोमचा थर देण्याच्या, टाकीपाशीच उभा असतो, आणि खाली त्याने विचारलं होतं, "मामा, म्हणजे हातमोजे नसले तरी चालतं ना?" तेव्हा राहवलं नाही.

"दोन्ही क्रोमच. क्रोमियमच्या तर गोळ्या मिळतात."

गोळ्यांत असतं ते ट्रायव्हॅलंट! म्हणजे ज्याला हा मेसेज नावं ठेवतोय, त्याचीच बाजू त्याने मांडली. मिठात क्लोरीन असतं म्हणून कुणी क्लोरीन वायू हुंगत नाही. हेक्झाव्हॅलंटचा क्रोमेट आयन घडणीने सल्फेटसारखा असतो, त्यामुळे सल्फेटच्या वाटेने तो थेट पेशीत शिरतो आणि आत त्याचं क्षपण होताना, म्हणजे त्याचं ट्रायव्हॅलंट बनताना, डीएनएला इजा करतो. ट्रायव्हॅलंटला ती वाट सहजासहजी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच हेक्झाव्हॅलंट संयुगं पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, टाकली. ट्रायव्हॅलंट तिसऱ्या गटात, म्हणजे तसा ठपका ठेवण्याइतका पुरावा नसलेल्यांत. २०१२ च्या खंडात हेक्झाव्हॅलंटवरचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा निष्कर्ष पुन्हा कायम केला. "दोन्ही सारखंच" म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

"कामगारांच्या हाताला सवय होते, काही होत नाही."

पाचांतला सगळ्यात घातक मुद्दा हा, आणि याचाच मला राग आलाय. क्रोमची त्वचेला सवय होत नाही. उलट, एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि पुढे अगदी थोड्या क्रोमनेही हात फुटतात, खाजतात, चिघळतात. जिथे आधीच खरचटलंय, बोटाच्या पेराशी किंवा नखाच्या कडेला, तिथे द्रावण साचून खोल, गोल कडेचा व्रण पडतो. प्लेटिंगमध्ये त्याला क्रोम होल म्हणतात. हा व्रण बऱ्याचदा दुखत नाही. नाकात उडालेल्या तुषारांनी दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला भोक पडतं, तेही पुष्कळदा न दुखता. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि शेजारी उभा असलेला म्हणतो, बघ, याला सवय झाली. फुप्फुसाचा कर्करोग तर वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी समोर येतो. तोवर माणूस कामावरून गेलेला असतो, आणि कारण कुणी टाकीपर्यंत नेत नाही. हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने टाकीवरच्या माणसाचं नाक एकदा तरी तपासून घेतलंय का?

आणि ट्रायव्हॅलंटचं द्रावणही आम्लच असतं. हातमोजे आणि चष्मा तिथेही लागतोच.

"पिवळी झळाळी हीच मजबुती. पांढरट ट्रायव्हॅलंट लगेच गंजतं."

रंगावरून मजबुती कळत नाही. ट्रायव्हॅलंटवर डाय देऊन तोच पिवळा रंग आणता येतो. जाड थराचं ट्रायव्हॅलंट नीट चालवलं तर न्यूट्रल सॉल्ट स्प्रेमध्ये (मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीत) जस्ताचा पांढरा गंज न येता ९६ तास सहज काढतं, वरून सीलरचा संरक्षक थर दिला तर त्याहून पुष्कळ जास्त. उलट हेक्झाव्हॅलंटचा थर साधारण ७० अंशांपुढे तापला की त्यातलं पाणी उडतं, तो तडकतो आणि त्याची गंजरोधक ताकद घसरते. तक्रारी येतात त्या मुख्यतः सवयीमुळे: जुन्या क्रोमेटसारखं थंड बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) दहा-पंधरा सेकंद बुडवून जॉब, म्हणजे पार्ट, बाहेर काढला जातो. जाड थराच्या बाथला ६० अंशांच्या आसपास तापमान, साधारण मिनिटभर वेळ आणि २ च्या आसपास पीएच लागतो. हे पाळलं नाही तर दोष केमिकलला कसा देणार?

"हेक्झाव्हॅलंटवरचा ओरखडा आपोआप भरतो."

हे खरं आहे, मानायलाच हवं. थरातलं विद्राव्य हेक्झाव्हॅलंट ओरखड्याकडे सरकतं आणि तिथे पुन्हा संरक्षण देतं. ट्रायव्हॅलंट स्वतःहून हे करत नाही, म्हणून तर त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण घालतात किंवा वरून टॉपकोट देतात. पण जे ओरखड्याकडे सरकतं तेच पार्ट हाताळणाऱ्याच्या घामातही उतरतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

"खर्च जास्त."

बाथ महाग, गरम ठेवावा लागतो आणि लोखंड-जस्त साचलं की लवकर बिघडतो, कबूल. पण हेक्झाव्हॅलंटच्या सांडपाण्याला आधी पीएच २-३ वर आणून बायसल्फाइटने क्षपण करावं लागतं, मगच क्रोम खाली बसवता येतं. ट्रायव्हॅलंटला ही पायरी लागत नाही. शिवाय युरोपात जुलै २००७ पासून गाड्यांच्या भागांवर हेक्झाव्हॅलंटचे गंजरोधक थर चालत नाहीत, म्हणजे तिथे जाणाऱ्या मालासाठी हा हिशेब कधीच संपलाय.

बदलायचं ठरवलंच तर जुन्याच टाकीत नवा बाथ भरू नका. टाकीच्या अस्तरात आणि जिगच्या (पार्ट टांगायच्या चौकटीच्या) कोटिंगमध्ये मुरलेलं हेक्झाव्हॅलंट हळूहळू झिरपून नव्या बाथमध्ये येतं. टाकी नवी घ्या, निदान अस्तर तरी बदला, आणि रिन्सच्या (पार्ट धुण्याच्या) टाक्याही वेगळ्या ठेवा.