आतला पट्टा

आमची गाडी पावसाळ्यात सकाळी सुरू केली की डुकराच्या पिल्लासारखी किंचाळते. दोन मिनिटं. मग इंजिनाचा ओला पट्टा वाळतो आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात गुरगुरायला लागते. यंदा मात्र दोनाची पाच मिनिटं झाली, हेडलाइट लावला की सूर आणखी वर जायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "अल्टरनेटरचा बेल्ट गेला तुमचा." अल्टरनेटर म्हणजे गाडीची वीज तयार करणारं यंत्र; ते या पट्ट्यावर फिरतं. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं निदान बरोबर निघालं, हे जास्त लागलं.

गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली ती पट्ट्याच्या किमतीपेक्षा जास्त. मी घरी जाहीर केलं, "दोन बोल्ट ढिले करायचे, जुना काढायचा, नवा घालायचा. त्यात आहे काय?" हिने उत्तर दिलं नाही. नुसती पाण्याची बाटली खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवली, आणि शेजारी हळदीची डबी.

त्याआधी गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानांत, नाना पेठेची वारी झाली होती. "नंबर?" दुकानदाराने विचारलं. पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो: आधी पोटावरच्या लांबट धारा किती, मग लांबी मिलिमीटरमध्ये. माझ्या पट्ट्यावर '४ पीके ८' एवढंच वाचता येत होतं, पुढचं इंजिनाने पुसून टाकलं होतं.

"एसी आहे?"

"आहे."

"पॉवर स्टेअरिंग?"

"नाही."

"म्हणजे दोन पट्टे. आतला पाहिजे का बाहेरचा?"

पट्ट्यांतही आतले-बाहेरचे असतात हे मला तिथे कळलं. आतला काढायला आधी बाहेरचा काढावा लागतो, हे रविवारी कळलं.

बाहेरचा तासाभरात निघाला, त्याबद्दल काही बोलायला नको. अल्टरनेटरचा वरचा बोल्टही सुटला. खालचा मात्र चौदा नंबरचा, इंजिनाच्या पोटाशी, गंजून तांबडालाल. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून मी गाडीखाली शिरलो. बोल्ट दिसेल तिथून हात पोचत नाही, हात पोचेल तिथून बोल्ट दिसत नाही. शेवटी मागच्या बाजूने हात घालून चाचपडत रिंग पाना बसवला आणि जोर लावला. ढिम्म. रॉकेल घालावं तर ते हल्ली मिळतंय कुठे? हिने शिवणयंत्राचं तेल दिलं. ते ओतून अर्धा तास वाट पाहिली. पुन्हा ढिम्म. मग हॉलमधला पडद्याचा पाइप आणून पान्यात अडकवला. लांब दांडा, जास्त जोर, हे आठवीतलं विज्ञान. पाइप वाकला. बोल्ट नाही.

तोवर वॉचमन, इस्त्रीवाला आणि क्रिकेट सोडून आलेली चार पोरं एवढा प्रेक्षकवर्ग जमला होता. वॉचमनने उकिडवं बसून बराच वेळ निरखलं आणि हळूच विचारलं, "साहेब, आवळताय का सोडताय?"

मी उजव्या-डाव्याचा हिशेब पाठ म्हणून दाखवणार, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. हात मागून घातलेला. समोरून जे घड्याळाच्या उलट, ते मागून सुलट. गेला तासभर मी तो बोल्ट जीव तोडून आवळत होतो. आटे गेले नाहीत ही त्याचीच मेहरबानी. पाना उलट्या बाजूला ओढला तसा 'कट्ट' असा आवाज आला. नाही, मनगट नव्हतं, बोल्टच होता.

"बॅटरीची वायर काढलीत ना?" गॅलरीतून काका. नव्हती काढली. काढली.

जुना पट्टा हातात घेऊन उलटा वाकवला तर टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या. त्याची एकदम दया आली. नवा पट्टा बोटभर आखूडच वाटला. नवे पट्टे असेच वाटतात म्हणे. अल्टरनेटर पार आत ढकलून तो एकदाचा पुलीवर चढवला. आता ताण. एका हाताने टॉमीचा लोखंडी दांडा घालून अल्टरनेटर बाहेर रेटायचा, दुसऱ्याने बोल्ट कसायचा आणि तिसऱ्याने पट्टा दाबून बघायचा. तिसरा हात हिचा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटीमीटरभर झुकला पाहिजे. सैल राहिला तर किंचाळणार, फार ताणला तर बेअरिंग खाणार. "झुकतोय," ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त."

चावी फिरवली. आवाज नाही! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तेलकट हातानेच पाण्याची बाटली उचलली. वॉचमनने टॉर्चचा झोत आत मारला.

"साहेब, पट्ट्याला चार लायनी हाईत ना?"

"हो."

"पुलीत तीनच बसल्यात."

चौथी धार बाहेर लोंबत होती. पुन्हा बाहेरचा पट्टा, पुन्हा पुठ्ठ्यावर आडवा. चौदाचा बोल्ट या खेपेला अर्ध्या मिनिटात सुटला. पडद्याचा पाइप मात्र काही सरळ झाला नाही. अजूनही आमच्या हॉलमधला उजवीकडचा पडदा कितीही सारला तरी आपण होऊन घसरत मधोमध येऊन थांबतो.