नको ते काढण्याचा हक्क

दिवाळीत बडोद्याला गेलो, तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी दोन संध्याकाळी बाबांच्या नव्या कॉम्प्युटरपुढेच गेल्या. सोबत आलेल्या अँटिव्हायरसची फुकट मुदत संपली होती. तो रोज लाल चौकटीत ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ असं बजावायचा. आई घाबरून कार्डाचा नंबर टाकायला बसलीच होती. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस असतोच आणि त्याला पैसे लागत नाहीत, हे दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अँटिव्हायरस काढला, चार गेम काढले. काही गोष्टींचं अनइन्स्टॉलचं बटण मात्र फिकट, दाबताच येईना.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये ही अडवणूक बरीच कमी झाली आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे मार्च 2024 पासून बड्या कंपन्यांना आपलं आधीच भरलेलं सॉफ्टवेअर सहज काढू द्यावं लागतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने तिथे एज ब्राउझरही काढायची सोय दिली. ती मिळते विंडोज पहिल्यांदा सुरू करताना निवडलेल्या देशावरून. नंतर बदलायचं तर कॉम्प्युटर रीसेटच करावा लागतो. सोय तयार आहे, फक्त आपल्यासाठी नाही, हे मला खटकतं.

भारतात हा प्रश्न आलाच नाही असं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला आणि फोनमधली आधीच भरलेली अ‍ॅप्स काढू द्या, असंही बजावलं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. अ‍ॅप्स काढू देण्याचा आदेश रद्द केला. मग मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, आणि युरोपची नक्कल आपल्या स्टार्टअपना मारेल, अशी ओरड सुरू झाली.

त्या भीतीत तथ्य आहे. कडक नियमांची किंमत युरोपात मोजतो आम्ही. अ‍ॅपलच्या एआय सोयी युरोपातल्या आयफोनवर अमेरिकेनंतर काही महिन्यांनी आल्या. पण काढण्याच्या बटणाने कुठला स्टार्टअप बुडेल? उलट जागा मोकळी झाली, तर नव्याला शिरकाव मिळेल. ‘डिसेबल, म्हणजे न काढता नुसतं बंद, करता येतं ना’ हे उत्तर मला पटत नाही. पैसे बाबांनी मोजले, डिस्क त्यांची.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी वहीत लिहून घेतलं: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, तीन टिंबं, अनइन्स्टॉल. शेजारच्या काकांकडेही तीच लाल चौकट येते म्हणे.