नुसती चिप बदलून मीटर बरा होत नाही

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: ‘डल्लासची बॅटरीवाली मेमरी मेली? त्याच नंबरची नवी आणा, बसवा, विषय संपला. नाहीतर एफरॅम घाला, तीही तशीच बसते.’ डल्लास ही चिपची कंपनी. तिच्या या मेमरीत बॅटरी आतच असते, म्हणून वीज गेली तरी डेटा टिकतो. एफरॅम ही बॅटरीशिवायच डेटा टिकवणारी मेमरी. पण हा सल्ला ऐकून चांगल्या मीटरची वाट लागते.

‘नवी बसवा, विषय संपला.’ एचपीचा व्होल्ट-ओहम मोजणारा साडेआठ अंकी मीटर ३४५८ए घ्या. त्यात डल्लासच्या दोन डीएस१२३०वाय आणि एक डीएस१२२०वाय चिप सोल्डर केलेल्या असतात. कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटरचं रीडिंग अचूक करणारे, आकडे असतात त्या १२२० मध्ये, आणि नवी चिप येते कोरी. मीटर चालू होईल, रीडिंगही दाखवेल, पण ते खरं कशावरून? पुन्हा कॅलिब्रेट करायला खात्रीचे १० व्होल्ट आणि १० किलोओहम लागतात. कोणाच्या घरी असतात ते?

‘चिप काढली की डेटा जातोच.’ साफ चूक. लिथियम सेल चिपच्या पोटातच, इपॉक्सीत बुडवलेला असतो. तो जिवंत असेल तर चिप खिशात टाकून फिरलात तरी डेटा शाबूत. म्हणून आधी जीपीआयबीवरून (मीटर संगणकाला जोडायच्या पोर्टवरून) डेटा उतरवून घ्या, चिप काढल्यावर प्रोग्रामरमध्ये (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रात) पुन्हा वाचा, दोन्ही फाइली ताडून पाहा. पाय कापून चिप काढायचा शहाणपणा नको, मग प्रोग्रामरमध्ये काय खुपसणार? ग्राउंडची पिन सगळी उष्णता पिऊन टाकते. तिथे ताजं सोल्डर घाला, मगच सोल्डर ओढणारा पंप लावा. रिकाम्या जागी सॉकेट लावा, उतरवलेला डेटा नव्या चिपमध्ये भरा आणि मग ती त्यात बसवा.

‘दहा वर्षं झाली म्हणजे मेलीच.’ डेटाशीटमधली १० वर्षं ही किमान मुदत आहे, तीही वीज नसताना. पण म्हणून डेटा उतरवायचं लांबणीवर टाकू नका.

‘एफरॅम तशीच बसते.’ हे अर्धसत्य जास्त घातक. एफएम१६डब्ल्यू०८ या एफरॅमला २८ पाय, १२२० ला २४, म्हणजे अ‍ॅडॉप्टर आलाच. शिवाय ही चिप पत्ता (मेमरीतल्या जागेचा क्रमांक) टिपते तो चिप-एनेबल, म्हणजे चिपला जागं करणारी लाइन, खाली जाताना. एखाद्या यंत्रात ती लाइन खालीच धरून नुसते पत्ते बदलत असतील, तर एफरॅम पहिलाच बाइट घोकत बसेल. आणखी एक: पुरवठा साधारण साडेचार व्होल्टच्या खाली घसरला की डल्लास लिहिणं बंद करते. एफरॅम २.७ व्होल्टपर्यंत जागी असते. मीटर बंद होताना भरकटलेल्या प्रोसेसरने तिच्यात काहीबाही लिहिलं, तर अडवणार कोण? ३४५८ए मध्ये लोक एफरॅम वापरतात, पण आधी सर्किट वाचून.

आणि स्वस्तातली ‘नवी’ डल्लास? कोऱ्या चिपमधला सेल पहिल्यांदा वीज मिळेपर्यंत तोडलेला असतो. पाय भिंगाखाली बघा. सोल्डरचे डाग दिसले तर ती भंगारातून उपटलेली आहे, आणि तिचा सेल कधीचाच झिजायला लागलाय.