‘आमदार हवेतच कशाला?’ या मेसेजला उत्तर

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज चौथ्यांदा आला. या वेळी पाठवणारा माझा सख्खा चुलतभाऊ, परळला असतो, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर सोडून दिलं असतं. मेसेज थोडक्यात असा: स्वित्झर्लंडमध्ये आमदार-खासदार नाहीत, सगळं जनता ठरवते. प्राचीन अथेन्समध्येही तसंच होतं. भारतात मात्र जनतेला कधी कुणी थेट विचारलंच नाही. आता हातात मोबाईल आहे, प्रत्येक कायद्यावर पाच मिनिटांत मतदान घ्या. बहुमत म्हणेल तोच न्याय.

आधी स्वित्झर्लंड. तिथे संसद आहे, तीही दोन सभागृहांची. एकात २०० सदस्य, दुसऱ्यात ४६. कायदे तीच करते. केलेला कायदा पटला नाही, तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवून लोक तो मतदानाला लावू शकतात. घटनेतच बदल सुचवायचा असेल, तर १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात. म्हणजे सुकाणू संसदेकडे आणि नांगर लोकांकडे. नांगर हवाच, पण नुसत्या नांगरावर होडी बंदराला लागत नाही.

अथेन्सचं फार सांगत नाही. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना तिथे मत नव्हतं. इ.स.पूर्व ४२७ मध्ये तिथल्या नागरिकांच्या सभेने रागाच्या भरात मिटिलीनी शहरातले सगळे पुरुष मारायचं ठरवलं आणि हुकूम घेऊन जहाज रवाना केलं. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर निर्णय फिरवला आणि मागून दुसरं जहाज पिटाळलं. ते वेळेत पोचलं म्हणून ते शहर वाचलं. मोबाईलवरच्या मतदानात हे दुसरं जहाज कुठून आणणार?

‘भारतात कधी विचारलंच नाही’ हे कोकणातल्या माणसाने पुढे पाठवावं, याचं मला खरं नवल वाटतं. बांद्यावरून पत्रादेवीचा नाका ओलांडा, की जिथे विचारलं गेलं तो मुलूख सुरू होतो. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. कौलाच्या महिनाभर आधीपर्यंत गोव्यात सत्ता होती ती विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलेल्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाची; कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्या सरकारने राजीनामा दिला होता. निर्णय विधानसभेवर सोडला असता, तर सावंतवाडी आणि पणजी आज एकाच राज्यात असती. गंमत पुढे आहे. अडीच महिन्यांत निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मुख्यमंत्री राहिलेल्या दयानंद बांदोडकरांच्या मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं. सरकार तुमचं हवं, विलीनीकरण नको! आमदार निवडताना माणूस दहा गोष्टींचं एकच गाठोडं उचलतो. त्यातली एक गोष्ट बाजूला काढून विचारलं, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. थेट मतदानाच्या बाजूने याहून भक्कम दाखला मला माहीत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला तोच सापडला नाही.

पण त्याच कौलाची दुसरी बाजूही आहे. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. ‘आमचं वेगळं राज्य करा’ म्हणणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा? ते राज्य व्हायला १९८७ उजाडलं. प्रश्न दिल्लीत ठरला, आणि प्रश्न ठरवणाऱ्याच्या हातात अर्धं उत्तर असतं.

इकडे रायगडात पेण तालुक्यातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८मध्ये महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. विरोधाचं पारडं खूप जड होतं, पण तो कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर बायकांचं ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान तर राज्यभर कितीदा झालं आहे. तिथे नुसतं झालेल्या मतांचं बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करावी लागते, तरच दुकान बंद होतं.

आता मोबाईल आणि पाच मिनिटं. ओटीपीसाठी आमच्याकडे सड्यावर जावं लागतं, ते एक असो. घरात फोन एक, तो कर्त्याच्या खिशात. मग सुनेचं मत गुप्त कसं राहणार?

मुळात थेट लोकशाही आपल्या गावात आहेच, तिचं नाव ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. गेल्या २ ऑक्टोबरला शाळेच्या व्हरांड्यात मी मोजली, चाळीस डोकी होती. सभा तहकूब झाली, थोड्या वेळाने तीच सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. विषय होता नळयोजनेची नवी टाकी. खालची वाडी मोठी, वरच्या वाडीत अकरा घरं. हात वर झाले आणि टाकी खाली गेली. वरच्या वाडीतली एक म्हातारी उठून एवढंच म्हणाली, “आमच्या दारात पाणी कधी येतला?” तिच्या विरोधात कुणी नव्हतं. तिच्या बाजूने हात अकरा घरांचेच, आणि त्यातली अर्धी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईत.

‘बहुमत म्हणेल तोच न्याय’ याचा अर्थ हा असा होतो. मेसेजमधल्या त्याच स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मत द्यायचं का, हे १९५९मध्ये पुरुषांना विचारलं आणि दोन तृतीयांश पुरुष नाही म्हणाले. बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१मध्ये. एका परगण्यात तर १९९०मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं.

वरच्या वाडीचं काम पुढे सरकलं ते ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेत. त्यांच्या प्रभागाचा सदस्य अडून बसला: तुमच्या पाखाडीला (पायऱ्यांच्या वाटेला) माझं मत हवंय ना, मग आमचा पंप आणि पाइप त्याच ठरावात घाला. हात मोजताना अशी घासाघीस होत नाही. त्यासाठी समोरासमोर बसलेली, पुन्हा पुन्हा गाठ पडणारी थोडी माणसं लागतात.

चुलतभावाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे चाललंय ते बरं चाललंय?” बरं कसलं! १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर विधानसभेत पक्षाचा व्हिप (अमुकच मत द्या असा आदेश) निघाला, की आपल्या आमदाराने आपलं ऐकून उलट मत द्यायचं म्हणजे आमदारकी पणाला लावायची. आमदार आपले उरले नाहीत, ही मेसेजमधली चीड खोटी नाही. पण तो राग व्हिपवर काढायला हवा, तो निघतोय विधानसभेवर.

वरच्या वाडीचा पंप २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाचव्या क्रमांकाचा विषय आहे. भावाला तारीख कळवली. तो म्हणाला रजा नाही, शिमग्याला येतो.