ती एकटी आहे का, हे आधी बघ

आमच्या एमबीबीएसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी वाद पेटला. नवरा मारतो अशी शंका आली, तर डॉक्टरनं बाईला विचारावं का? तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा मित्र म्हणाला, "ओपीडीत शंभर पेशंट. विचारलं आणि ती रडायला लागली, तर पुढे काय करू? तुला इंग्लंडमध्ये बसून बोलणं सोपं आहे."

त्याचं निम्मं खरं आहे. इथे अनेक जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यांना 'आयरिस' या घरगुती हिंसेवरच्या कार्यक्रमातून प्रशिक्षित कार्यकर्ती जोडलेली असते. बाई हो म्हणाली की मी त्या कार्यकर्तीला कळवते, पुढचं ती बघते. पण आपल्याकडे काहीच नाही, हे मला मान्य नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्याला वीस वर्षं उलटून गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी दिले, बायकांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. हे नंबर मित्राच्या टेबलावर नाहीत. आणि शंभर जणींना विचारायचंच नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्लाही सरसकट विचारण्याचा नाही, खुणा दिसल्या तर विचारण्याचा आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत इथले दवाखाने फोनवर गेले. टाळेबंदी उठली, फोनवरची तपासणी राहिली. पलीकडे खोलीत कोण बसलंय, ते आपल्याला दिसत नाही.

एकदा व्हिडिओवर एक बाई पाठदुखी सांगत होती. प्रत्येक उत्तराआधी नजर पडद्याच्या डावीकडे जायची. मी काही विचारलं नाही. "हात लावून तपासावं लागेल, गुरुवारी या," एवढंच म्हटलं. गुरुवारी नवरा बरोबर आला. नर्सनं लघवीच्या तपासणीसाठी तिला एकटीला आत नेलं आणि तिथं हळूच विचारलं. तिनं गळ्याला हात लावला. आवाज बसलेला, वळ एकही नाही. गळा दाबल्याची खूण पुष्कळदा उमटतच नाही, आणि नवऱ्यानं एकदा गळा दाबला की पुढे खुनाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पाठ बघून तिला घरी पाठवली असती, तर हे कळलंच नसतं.

नोंदीचंही तसंच. इथे रुग्णाला स्वतःची नोंद मोबाइलवर दिसते आणि तो मोबाइल नवऱ्याच्या हातात असू शकतो, म्हणून ही नोंद मी ऑनलाइन दिसणार नाही अशी ठेवते. आपल्याकडे केसपेपर बाईच्या पिशवीतून सरळ घरी जातो. नोंद हवीच, उद्या कोर्टात तिचाच आधार असतो. पण ती दवाखान्यातल्या प्रतीवर हवी. घरी जाणाऱ्या कागदावर फक्त औषधं लिही.

ग्रुपवर कायद्याच्या गैरवापराचाही मुद्दा आला. विचारणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. निर्णय तिचाच आहे.

मित्राला मी एवढंच लिहिलं: नवऱ्याला बाहेर बसव. तिनं सांगितलं तर विश्वास ठेव. 'निघून ये' असं घाईनं सांगू नकोस. घर सोडण्याचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. कागदपत्रं आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवता येतील, रात्री-अपरात्री कुणाचं दार वाजवता येईल, एवढं तिच्याशी बोलून घे.