सात तासांत अर्धं मिनिट शिल्लक

थंडीची चाहूल लागली की आमच्या इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनबद्दल. लिहिणाऱ्याचं नाव नाही, आत्मविश्वास मात्र दांडगा. म्हणणं थोडक्यात असं: ही काही खरी मॅरेथॉन नव्हे, मिकीबरोबर फोटो काढायची जत्रा आहे. सात तास मिळतात, चालत गेलात तरी होते. रस्ता सपाट, हवा गार. आधी दोन दिवस पार्कात वीस हजार पावलं चाला, तीच तयारी. वाटेत भरपूर पाणी प्या आणि संपल्यावर दिवसभर राइड्स करा, पाय आपोआप मोकळे होतात.

मी ही शर्यत दोनदा पळालोय. दोन्ही वेळा रडतखडत, त्यामुळे माझं बोलणं चॅम्पियनचं समजू नका.

‘खरी मॅरेथॉन नव्हे’ हे आधी उरकतो. 1994 पासून ती भरते, अंतर पूर्ण 42.195 किलोमीटर, आणि इथली वेळ बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी चालते. ब्राझीलचा आद्रियानो बास्तोस ही शर्यत आठ वेळा जिंकला. तो काही मिकीच्या रांगेत उभा नव्हता.

आता ते सात तास. माणसं फसतात ती इथेच. नियम असा की मैलाला सोळा मिनिटांपेक्षा मागे पडायचं नाही. 26.22 मैलांचा गुणाकार करा: सहा तास एकोणसाठ मिनिटं आणि वर साधारण तीस सेकंद. म्हणजे सात तासांत शिल्लक उरलं अर्धं मिनिट! त्यात बाथरूमची रांग, बुटाची नाडी आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोरचा सेल्फी. सोळा मिनिटांचा मैल म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांच्या किंचित आत, ताशी सहा किलोमीटर. आपण बाजारात जातो तो वेग ताशी पाचच्या आसपास असतो. त्या वेगाने सात तासांत 35 किलोमीटर होतात, उरलेले सात बसच्या खिडकीतून बघायचे.

बसचं गंमत म्हणून लिहीत नाही. सगळ्यात मागून फुगे बांधलेल्या काही बायका बरोबर सोळा मिनिटांच्या चालीने येतात, सगळे त्यांना ‘बलून लेडीज’ म्हणतात. त्यांच्या मागे पडलात की तुम्हाला गाडीत बसवून पुढे नेलं जातं. माझी मावसबहीण असाच मजकूर वाचून गेली होती. दोन फोटोंच्या रांगांत तिची बारा मिनिटं गेली. तिसऱ्या रांगेत नंबर येणार तेवढ्यात मागे वळून बघते तर फुगे. पुढचे तीन मैल ती जीव तोडून पळाली, मग पोटरीत गोळा आला. ‘बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं गं,’ असं तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. ते काढण्यासाठीच तर सराव लागतो. तेरा मिनिटांचा मैल अंगवळणी पडला असेल तर दहा मैलांत तीस मिनिटं जमा होतात, ती खुशाल उधळा. शिवाय आधीच्या शर्यतीची चांगली वेळ दाखवलीत तर पुढच्या गटातून सोडतात आणि फुगे मुळातच लांब राहतात.

चालण्यात कमीपणा नाही, हेही कबूल. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी या शर्यतींसाठी जे सरावाचे आराखडे केले, ते ‘थोडं पळा, थोडं चाला’ याच पद्धतीचे. पण त्यात दर थोड्या आठवड्यांनी लांब अंतर वाढत जातं. पार्कातली वीस हजार पावलं म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर, तेही आइस्क्रीम खात, बाकावर टेकत. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती चाललात तर तयारी राहू द्या, आहेत ते पाय दमवून बसाल. पार्क नंतर बघा.

रस्ता सपाट हे बरंचसं खरं. पण वाटेतले डिस्नेचे चार पार्क मिळून अंतराचा छोटा भाग. बाकी पहाटेच्या अंधारातले हायवे, उड्डाणपूल आणि एका बाजूला कललेले रॅम्प. सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे सुरुवातीच्या जागी नेणाऱ्या बससाठी अडीचला उठणं आलं. ‘डोपी चॅलेंज’वाले 5, 10, 21 आणि 42 किलोमीटर अशा शर्यती लागोपाठ चार दिवस करतात, एकूण 48.6 मैल. त्यांच्या सरावात सलग दिवसांचं पळणं हवंच, आणि माझ्या मते रात्री आठला झोपायचा सरावसुद्धा.

‘हवा गार’ म्हणणाऱ्याने 2010 आणि 2020 आठवून बघावं. 2010 ला पारा गोठणबिंदूच्या खाली होता. 2020 ला उकाडा इतका की मागच्या धावपटूंसाठी मार्ग कमी करावा लागला. 2017 ला विजांच्या भीतीने आदल्या दिवशीची हाफ मॅरेथॉन रद्दच झाली. आम्ही जर्सीकर डिसेंबरभर स्वेटरात पळतो आणि तिथे दमट हवेत पहिल्या तासातच घामाने निथळतो. अशा दिवशी वेग आधीच कमी धरावा.

भरपूर पाणी हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, हवं त्यापेक्षा खाली घसरलेलं निघालं. मुख्य कारण अती पिणं. शर्यतीत त्यांतल्या बऱ्याच जणांचं वजन चक्क वाढलं होतं. हळू जाणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण वाटेत प्यायला वेळच वेळ. तहान लागेल तसं प्या.

राहिला राइड्सचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. रेषा ओलांडल्यावर धपकन बसू नये, थोडं चालत राहावं, खाऊन घ्यावं. संध्याकाळी तास-दीड तास फेरफटकाही चांगला. पण रांगेत तासन्‌तास उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. भारतातून आलेल्यांनी त्याच रात्री परतीचं विमान धरू नये. धरलंच तर उठून फेऱ्या माराव्यात.

त्या मजकुरातली शेवटची ओळ, ‘दुसऱ्या दिवशी मेडल घालून पार्कात मिरवा’, मला शंभर टक्के मान्य आहे. सगळेच मिरवतात. जिना दिसला की कठडा धरून उलटं उतरा, तेही सगळेच करतात.